व्हायरसांची पोषक-मर्यादा

व्हायरसांची पोषक-मर्यादा : एका जातीच्या प्राण्याच्या कोशिकांत जोमाने वाढणारा व्हायरस दुसऱ्या जातीच्या कोशिकांत मुळीच वाढत नाही किंवा अर्ध्यावर थांबतो. या मर्यादेस पोषक-मर्यादा म्हणतात. व्हायरसास स्वतःचा चयापचय नसतो. कोशिकेत शिरणे, न्यूक्लिइक अम्लाच्या प्रती काढणे, प्रथिने बनविणे आणि नवे कण जुळवून बाहेर पडणे हे सर्व त्याला कोशिकेच्या आधाराने साधावे लागते. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर त्याची वाट अडू शकते.

या प्रश्नाचा इतिहास प्रामुख्याने पोलिओच्या व्हायरसाशी निगडित आहे. कार्ल लँडस्टायनर व एर्विन पॉपर यांनी १९०८ मध्ये व्हिएन्ना येथे पोलिओने मृत्यू पावलेल्या मुलाच्या मेरुरज्जूचा अर्क ससे, गिनीपिग, उंदीर व माकडे यांना टोचला. माकडेच तेवढी आजारी पडली. त्यानंतर हा व्हायरस केवळ तंत्रिका ऊतकातच वाढतो, असा समज रूढ झाला व दीर्घकाळ टिकला. एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनी १९४९ मध्ये मानवी भ्रूणाच्या त्वचा, स्नायू व आतडे यांच्या ऊतक संवर्धनात तो वाढवून दाखविला आणि हा समज मागे पडला (नोबेल पारितोषिक, १९५४). अडथळा ऊतकाच्या प्रकारापेक्षा प्राण्याच्या जातीत अधिक होता.

तो कोठे आहे, हे १९५९ मध्ये जॉन हॉलंड, मॅक्लॅरेन व सिव्हर्टन यांच्या प्रयोगांतून उघड झाले. व्हायरसाचे प्रथिन-आवरण काढून नुसते रिबोन्यूक्लिइक अम्ल दिले असता उंदीर, ससा व कोंबडीचे पिलू यांच्या कोशिकांतही नवे व्हायरस तयार झाले. मात्र आवरणयुक्त अशी ही संतती शेजारच्या कोशिकांत शिरू न शकल्याने वाढ एका पिढीवरच थांबली. म्हणजे आतील यंत्रणा अनुकूल होती, दार मात्र बंद होते. या दाराचे, म्हणजे ग्राही प्रथिनाचे, जनुक कोलंबिया विद्यापीठात व्हिन्सेंट रॅकॅनिएलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये वेगळे केले. ते घातलेल्या उंदरांना पुढे पोलिओ होऊ लागला.

प्राइमेट गणातील प्राण्यांवरील या अवलंबनाची किंमत मोठी होती. लसनिर्मिती व चाचणी यांसाठी भारतातून ऱ्हीसस माकडांची मोठ्या प्रमाणावर निर्यात होत असे; भारत सरकारने १९७८ मध्ये तीवर बंदी घातली. शिवाय माकडाच्या वृक्क-कोशिकांत एक निराळाच व्हायरस दडलेला होता. स्वीट व हिलमन यांनी १९६० मध्ये शोधलेला हा एसव्ही-४० ऱ्हीससच्या कोशिकांत दृश्य विकृती न घडविता वाढतो. आफ्रिकी हिरव्या माकडाच्या कोशिकांत मात्र पोकळ्या निर्माण करून त्यांचा नाश करतो. तो शोधला जाण्यापूर्वीच लाखो लोकांना दूषित पोलिओ लस टोचली गेली होती. या व्हायरसाने हॅम्स्टरमध्ये अर्बुदे होतात, हे लक्षात आल्यावर चिंता वाढली. परंतु लस घेतलेल्यांत कर्करोग वाढल्याचे पुढील पाहणींत सिद्ध झाले नाही.

एसव्ही-४० चे अपयश पोलिओहून वेगळ्या प्रकारचे आहे. कृंतकांच्या कोशिकांत तो सहज शिरतो व त्याचे टी-प्रतिजन हे प्रथिनही तयार होते. पण या प्रथिनाचे तेथील डीएनए-पॉलिमरेज आल्फा-प्रायमेज या एंझाइमाशी जुळत नसल्याने व्हायरसाच्या डीएनएचे प्रतिकरण होत नाही. कोशिका मरत नाही, आणि नेमका येथेच धोका असतो : क्वचित टी-प्रतिजनाचे जनुक तिच्या गुणसूत्रात समाविष्ट होते व कोशिका-विभाजनावरील नियंत्रण सुटते. व्हायरसाची वाढ खुंटली म्हणजे कोशिका सुरक्षित राहिली, असे यामुळे म्हणता येत नाही.

तिसऱ्या प्रकारात कोशिका स्वतःच प्रतिकार करते. एड्सचा व्हायरस (एचआयव्ही-१) ऱ्हीससच्या कोशिकांत प्रवेश करतो, परंतु त्याच्या रिबोन्यूक्लिइक अम्लापासून डीएनए बनण्यापूर्वीच अडतो. ट्रिम-५-आल्फा हे प्रथिन त्याचे कवच ओळखून त्याला निष्प्रभ करते, असे २००४ मध्ये जोसेफ सोड्रॉस्की यांच्या प्रयोगशाळेत आढळले. मानवातील याच प्रथिनाचा एचआयव्ही-१ वर फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे एड्सविषयक प्रयोगांत ऱ्हीसस माकडांना एचआयव्हीऐवजी त्याचा माकडांतील आप्त एसआयव्ही किंवा दोहोंचा संकरित व्हायरस टोचावा लागतो.