लेकरांच्या हाती पहिली गिटार

मे महिन्याची सुटी जवळ आली की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून एक मागणी हमखास पुढे येते. "पप्पा, मला गिटार शिकायची आहे." गायनवृंदातल्या एखाद्या थोरल्या मुलाला वाजवताना पाहिलेले असते, नाताळच्या कार्यक्रमात टाळ्या ऐकलेल्या असतात. आईवडिलांना आनंद होतो, आणि पाठोपाठ प्रश्न पडतो : घ्यायची ती कोणती? कुठली? केवढी?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा फार महागात शिकलो आहोत. आमची थोरली मुलगी आठ वर्षांची असताना आम्ही तिला घेऊन मुंबईला गेलो. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, तसाच हिशेब आम्ही वाद्याच्या बाबतीत केला. दुकानदारही म्हणाला, "मोठीच घ्या, आयुष्यभर पुरेल." पोलादी तारांची, पूर्ण आकाराची, चकचकीत गिटार घरी आली. पोरीचा उजवा हात वाद्याच्या पोटावरून तारांपर्यंत जेमतेम पोहोचे. डाव्या हाताची बोटे तिसऱ्या दिवशी सोलली. तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "माझ्या हातात संगीतच नाही." आणि दुःखाची गोष्ट ही की आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला. गिटार कपाटावर गेली. कित्येक वर्षांनी एका जाणत्या शिक्षकाने ती खाली काढून पाहिली आणि म्हटले, "ही तर मीही वाजवू शकणार नाही." तारा पडद्यांपासून नको तितक्या उंच होत्या. दोष वाद्यात होता. शिक्षा मात्र मुलीला झाली.

म्हणून हा लेख. गिटारचा इतिहास थोडा जरी ठाऊक असता, तर ही चूक आमच्या हातून झाली नसती, असे आज वाटते.

गुरुजींचे पहिले पुस्तक

वसईकरांना २३ डिसेंबर १५३४ हा दिवस परिचित आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने त्या दिवशीच्या तहाने वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. पोर्तुगालच्या गादीवर तेव्हा राजा तिसरा जॉन होता. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १५३६ साली, स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरी लुईस मिलान या वादकाचा 'एल मायेस्त्रो' हा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. नावाचा अर्थ 'गुरुजी'. हा ग्रंथ मिलानने अर्पण केला आहे तो याच पोर्तुगालच्या राजाला. ज्या राजाच्या नावे वसईचा कारभार सुरू झाला, त्याच्याच चरणी गिटारच्या कुळातील पहिले छापील शिकवणीचे पुस्तक ठेवले गेले, हा योगायोग आम्हांला मोठा मौजेचा वाटतो.

मिलानचे वाद्य होते विहुएला. दिसायला गिटारसारखे, आतड्याच्या तारांच्या सहा जोड्यांचे, दांडीवर आतड्याचेच पडदे बांधलेले. ज्याने हे वाद्य कधी हाती धरलेले नाही, अशा नवशिक्याला गुरू जसा पायरीपायरीने शिकवील तशी या पुस्तकाची रचना आहे. आणि त्याचा आरंभीचा उपदेश कशाविषयी? वाद्य आणि तार यांच्या मेळाविषयी. विहुएला मोठी असेल तर पहिली तार जाडसर घ्यावी, लहान असेल तर बारीक घ्यावी, असे तो सांगतो. आकाराप्रमाणे तार आणि हाताप्रमाणे आकार हे गिटारच्या घराण्याचे मूळ शहाणपण आहे. पावणेपाचशे वर्षांनंतर आम्ही ते दुकानात विसरलो.

पुढच्या शतकात पाच जोड्यांची 'स्पॅनिश गिटार' लोकप्रिय झाली. तिचा मोठा शिक्षक गास्पार सान्स हा धर्मगुरू होता, हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल. सालामांका येथे ईशज्ञानाचा अभ्यास करून त्याने इटलीत संगीताचे धडे घेतले आणि १६७४ साली सारागोसा येथे गिटारशिक्षणाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही तारांची चर्चा आहे. नुसता ठेका धरून गाण्याला साथ करायची असेल तर खर्जाच्या जाड तारा बऱ्या. बोटांनी नाजूक चाल वाजवायची असेल तर बारीक तारा बऱ्या. म्हणजे कोणते वाद्य घ्यावे, हे काय वाजवायचे आहे त्यावर ठरते. आज पालकांनी शिक्षकाला पहिला प्रश्न विचारावा तो हाच.

सुतार, शिसव आणि नायलॉन

आजच्या गिटारला तिचे रूप दिले ते आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) याने. दक्षिण स्पेनमधील आल्मेरियाचा हा मनुष्य मूळचा सुतार. नासरेथच्या सुताराला मानणाऱ्या आपल्या समाजाने त्याची आठवण ठेवायला हरकत नाही. त्याने वाद्याचे पोट मोठे केले, वरची फळी पातळ केली, तिच्या आत पंख्यासारख्या पट्ट्या बसवल्या आणि तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ६५० मिलिमीटर ठेवली. तीच लांबी पुढे प्रमाण ठरली. आवाज प्रामुख्याने वरच्या फळीतून येतो, हे दाखवण्यासाठी त्याने १८६२ साली एक गिटार अशी बनवली की तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या! बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात ती आजही आहे. तेव्हा दुकानात चकाकी आणि नक्षी पाहण्यापेक्षा वरच्या फळीकडे पाहावे. एकसंध लाकडाची फळी थरांच्या लाकडापेक्षा मोकळी बोलते. मात्र पहिल्या वाद्यासाठी थरांची फळीही चालते. आपल्या पावसाळ्यात ती कमी फुगते, हा तिचा गुणच म्हणावा.

पोलादी तारांची गोष्ट वेगळी. जर्मनीहून १८३३ साली अमेरिकेत गेलेल्या ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिनच्या कारखान्यात आरंभी आतड्याच्याच तारा लावीत. विसाव्या शतकात, बॅन्जो आणि मॅन्डोलिनच्या गलक्यात ऐकू जावे म्हणून, पोलादी तारांचा प्रसार झाला. अशा सहा तारांचा एकत्रित ताण ७० किलोंच्या घरात जातो. नायलॉनच्या तारांचा ४० किलोंच्या आसपास. आठ वर्षांच्या बोटांना हा फरक कळतो, आईबापांना कळत नाही.

आपल्या मातीचाही यात वाटा आहे. ब्राझीलच्या शिसवीची टंचाई झाल्यावर १९६९ च्या सुमारास मार्टिन कारखाना भारतीय शिसवीकडे वळला. आपल्या आजोबांच्या पलंगांना लागलेले तेच हे लाकूड जगभरच्या गिटारींच्या पाठीला लागले.

आणि नायलॉन? दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा दोरा जखमा शिवण्यासाठी लागू लागला आणि वादकांना तारा मिळेनात. तेव्हा न्यूयॉर्कमधील वाद्यकारागीर अल्बर्ट ऑगस्टीन याने नायलॉनवर प्रयोग केले. थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया याने त्यांना उचलून धरले आणि युद्धानंतरच्या वर्षांत त्या तारा सर्वत्र पसरल्या. लेकरांच्या कोवळ्या बोटांना आज जो आराम मिळतो, तो असा युद्धाच्या टंचाईतून आला आहे.

वेदीच्या सावलीत

गिटार हे चर्चचे वाद्य नव्हे, असे आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काही अजूनही म्हणतात. त्यांना आम्ही ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फची आठवण देतो. २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री तेथील संत निकोलसच्या चर्चमध्ये साहाय्यक धर्मगुरू योसेफ मोर यांनी स्वतः गिटार हाती घेऊन, चाल बांधणारे शिक्षक फ्रान्झ ग्रूबर यांच्यासह 'सायलेंट नाइट' हे गीत प्रथम गायिले. ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला होता ही दंतकथाच. पण फादर मोर यांची गिटार खरी आहे आणि ती हालाइन येथील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानो आणि ढोल, झांजा यांसारखी गोंगाटाची वाद्ये मना केली. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीची घटना संमत केली. ऑर्गनचा मान तिने राखला. मात्र पवित्र कार्याला साजेशी असतील तर इतर वाद्येही स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारावीत, अशी वाट मोकळी केली. मिस्सा मातृभाषेत आली आणि तिच्याबरोबर तरुणांच्या हातातील गिटारही वेदीजवळ आली.

आपल्याकडे तोवर मान होता तो व्हायोलिनचा. गोव्यातील चर्चच्या शाळांत सोल्फा आणि व्हायोलिन शिकून कितीतरी मुले मुंबईला आली. माजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेल्या अँथनी गोन्साल्विस यांनी पहिले धडे घेतले ते चर्चचे गायनवृंद सांभाळणाऱ्या वडिलांपाशी. पुढे त्यांनी प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवले. धर्मग्रामातील एका वाद्याने हिंदी चित्रपटसंगीताला केवढे देणे दिले, ते यावरून ध्यानात यावे. म्हणूनच पोराच्या पहिल्या वाद्याकडे खेळणे म्हणून पाहू नये.

मोजून घ्यावी

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. गिटारी पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत मिळतात. 'अर्धी' म्हणजे लांबीने निम्मी नव्हे. पूर्ण गिटारच्या तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरली, तर पाऊण मापाची ५८०, अर्ध्याची ५३५ आणि पावाची ४८० च्या आगेमागे असते. कारखान्यागणिक थोडा फरक पडतो. साधारणपणे सहा वर्षांपर्यंत पाव, सहा ते आठ अर्धी, आठ ते अकरा पाऊण आणि पुढे पूर्ण, असा ठोकताळा आहे. पण वयापेक्षा अंग पाहावे. मुलाला खुर्चीवर बसवून गिटार मांडीवर द्यावी. उजवा खांदा वर न उचलता हात तारांवर आला पाहिजे. डावा हात कोपर न ताणता पहिल्या पडद्यापर्यंत गेला पाहिजे. म्हणून मुलाला सोबत नेल्याशिवाय गिटार घेऊ नये. वाढदिवसाला अचानक दिलेली भेट गोड असते, पण ती हाताला बसेलच असे नाही.

पहिली गिटार शक्यतो नायलॉनच्या तारांची असावी. तिच्या तारा पोलादी तारांच्या गिटारला लावू नयेत. आणि नायलॉनच्या गिटारला पोलादी तारा तर मुळीच चढवू नयेत, ताणाने घोडी उखडते. बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे ते पट्टीने मोजावे : नायलॉनच्या तारा तीन-चार मिलिमीटरपर्यंत ठीक. एक डोळा मिटून दांडीकडे लांबीने पाहावे. ती धनुष्यासारखी वाकलेली नसावी. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून घ्यावी, कुठे खरखर नसावी. पडद्यांच्या कडांवरून बोट फिरवावे, ते ओरखडता कामा नये. खुंट्या गुळगुळीत फिराव्यात आणि जागी थांबाव्यात. हे सारे करण्यास शिक्षक किंवा गायनवृंदातील जाणता तरुण सोबत असावा. दुकानदार रागावला तर रागावू द्यावे.

जुनी गिटार घेण्यात कमीपणा नाही. पाव आणि अर्ध्या मापाच्या गिटारी दोन-तीन वर्षांतच लहान पडतात आणि पुष्कळ घरांत धूळ खात असतात. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या दिवशीचा पांढरा पोशाख जसा थोरल्याकडून धाकट्याकडे आणि शेजारच्या घरी जातो, तशी गिटार का जाऊ नये? एखाद्या धर्मग्रामाने अशा पाच-सहा गिटारी गोळा करून चर्चच्या खोलीत ठेवल्या, तर ज्या बापाला वाद्य परवडत नाही त्याच्या लेकरालाही शिकता येईल. आणि पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला ती टांगू नये. पुसून पिशवीत, कोरड्या जागी ठेवावी.

आमच्या मुलीने पुन्हा गिटार धरली नाही. पण गेल्या काही वर्षांत तिचा मुलगा मोठा झाला. तो सात वर्षांचा झाला तेव्हा ती स्वतः त्याला घेऊन गेली, तासभर दुकानात बसली, चार गिटारी परत केल्या आणि पाचवी, अर्ध्या मापाची, घेतली. घरी आल्यावर तिने ती आधी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि मोकळ्या तारांवरून एकदा अंगठा फिरवला. "डॅडी," ती म्हणाली, "ही दुखत नाही हो." आम्ही काही बोललो नाही. येत्या नाताळात नातू धाकट्या गायनवृंदात बसणार आहे. कपाटावरची ती जुनी गिटार आम्ही अजून काढून टाकलेली नाही. घाईने खरेदी करणाऱ्या आईबापांना दाखवायला ती उपयोगी पडते.