चोडणचे पक्षिस्मारक

थोर व्यक्तींच्या स्मृत्यर्थ पुतळे उभारावेत, चौकांना त्यांची नावे द्यावीत, ही आपल्याकडील रूढ रीत आहे. परंतु ज्याने आयुष्यभर पाखरांची संगत केली, त्याचे स्मारक कसे असावे? लंडनच्या हाइड पार्कमध्ये या प्रश्नाचे एक उत्तर आढळते. पक्षिप्रेमी लेखक विल्यम हेन्री हडसन १९२२ साली निवर्तले. त्यांच्या चाहत्यांनी त्या उद्यानाचा एक कोपरा पक्ष्यांसाठी राखून घेतला आणि १९२५ साली तेथे जेकब एपस्टाइन यांनी घडविलेले शिल्प बसविले. शिल्पातील विवस्त्र स्त्रीमूर्तीवरून तेव्हा मोठा गदारोळ झाला. तो कालांतराने शमला. पाखरांना दिलेली जागा ही या स्मारकामागील खरी कल्पना होती.

आपल्या गोव्यात ही कल्पना अधिक विस्ताराने साकारली आहे. डॉ. सलीम अली १९८७ साली कालवश झाले आणि पुढच्याच वर्षी मांडवीच्या पात्रातील चोडण बेटाच्या पश्चिम टोकास त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य अस्तित्वात आले. हे नाव येथे उपरे नाही. रॉबर्ट ग्रब यांच्यासमवेत सलीम अलींनी गोव्यातील पक्ष्यांविषयी लिहिलेला शोधनिबंध १९७६ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता.

१८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या पक्षिवेत्त्याचा पिंड प्रयोगशाळेपेक्षा रानात घडला. जर्मनीत शिक्षण घेऊन ते परतले, तेव्हा वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशांअभावी रद्द झाली होती. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे राहत असताना त्यांनी सुगरणींच्या वसाहतीवर दिवसचे दिवस पाळत ठेवली. मराठीने या पाखराला स्त्रीलिंगी नाव देऊन विणकामाचे श्रेय मादीस दिले आहे; घरटे विणतो तो मात्र नर. अर्धवट विणलेल्या घरट्याची मादी पाहणी करते. पसंत पडले तर तेथे संसार मांडते, आणि ते घरटे पुरे करून नर दुसऱ्याच्या उद्योगास लागतो. नोकरी गमावलेल्या माणसाने चिकाटीने मिळविलेले हे ज्ञान होते.

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीने पलीकडे गेले की सुमारे १७८ हेक्टरांचे हे तिवरांचे अरण्य लागते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, खेकडे आणि निवटे बाहेर येतात. मग बगळे, ढोकऱ्या, खंड्या यांची लगबग सुरू होते. हिवाळ्यात उत्तरेकडून तुतवार व पाणलावे येतात. तिवरांच्या मुळांत मासळीची पिले वाढतात, नदीचा काठ धरून ठेवला जातो. म्हणजे स्मारक पाखरांचे असले, तरी त्यावर माणसांचीही उपजीविका अवलंबून आहे.

पुतळ्यावरील धूळ वर्षातून एकदा झटकली की भागते. येथे मात्र दररोज दोनदा भरती येते, आणि नदीत आपण जे सोडू ते ती आत घेऊन येते. काठचे तिवर तुटत गेले, सांडपाणी आणि प्लॅस्टिक वाहत राहिले, तर फलकावरील नाव तेवढे उरेल आणि पाखरे दुसरीकडे जातील.

शंभर वर्षे अक्षरे जपणाऱ्या या ग्रंथालयास यासंदर्भात एक सूचना करावीशी वाटते. चोडण व रायबंदर परिसरातील जुन्याजाणत्या मच्छीमारांच्या तोंडी पाखरांची जी स्थानिक नावे आहेत, ती विचारून टिपावीत. कोणते पाखरू कोणत्या महिन्यात दिसले, याची नोंदही त्याच वहीत व्हावी. ही वही वाचनालयाच्या मेजावर कायम उघडी असावी. पुढील पिढीला चोडणचे पक्षी वाढले की घटले, हे तिच्यावरून कळू शकेल.