भीमाच्या बोटांचा हिशेब कोण देणार?

१ ऑगस्ट आला की वस्त्यावस्त्यांत अण्णाभाऊ साठे यांच्या फोटोला हार पडतो, डीजे वाजतो. हाराबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच, की हार घालणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा वाचली आहे?

कथा मुंबईच्या उपनगरातली आहे. गावाकडून आलेला भीमा खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. घरी बायको आणि लहानगी नाबदा. एके दिवशी मढ्याच्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि तो रात्री स्मशाने उकरू लागतो. शेवटी एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि कायमची जातात. खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते, तेव्हा दगड फोडणारा हात निकामी झालेला असतो.

अनेक वाचकांना ही भयकथा वाटते. आम्हाला ती शहराच्या हिशेबाची वही वाटते. ज्याने फोडलेल्या दगडावर शहर उभे राहिले, त्या धडधाकट माणसाकडे शहराने पाहिले नाही. त्याचे पोट मेलेल्यांनी भरले. गरिबाचे मढे आणि श्रीमंताचे मढे यांतला फरक भीमाला राखेत हात घातल्यावर कळला. वर्गभेद सरणावरही जळत नाही, हे अण्णाभाऊंनी भाषण न ठोकता दाखवले.

त्यांना हे दिसले, कारण ते स्वतः घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडपट्टीत राहून लिहीत होते. २ मार्च १९५८ रोजी पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तरीही १८ जुलै १९६९ रोजी हा लेखक दारिद्र्यातच गेला.

त्याच घाटकोपरात, रेल्वे रुळांच्या पलीकडे, रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले. राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. बंदुकीमागच्या डोळ्यांना तिथे माणसे दिसली नाहीत, फक्त जमाव दिसला. चार दिवसांनी मुलुंडमध्ये शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. ते दहा मृत्यू त्यांनी परके मानले नव्हते.

मित्रांनो, अण्णाभाऊ कुणाचे, मातंगांचे, कम्युनिस्टांचे की आंबेडकरवाद्यांचे, यावर आपण फार वेळ घालवला. भीमाची जात विचारून त्याची बोटे परत येणार नाहीत. आज आपल्याच वस्तीतला माणूस गटारात उतरतो, कचऱ्याच्या ढिगात हात घालतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? तो मेल्यावर मोर्चा जरूर काढू. पण तो जिवंत असताना त्याच्या दारात कोण जाणार?

या जयंतीला डीजेचा एक तास कमी करा. चौकात ही कथा मोठ्याने वाचा आणि ऐकायला त्याला पुढे बसवा.

जयभीम!