मुदखेड ते जेद्दा, व्हाया मनमाड

मी मुदखेडचा. आमच्या गावाला समुद्र नाही, जंक्शन आहे. तरीही क्रूझच्या जाहिराती पाहिल्या की मला हजची जहाजं आठवतात.

निजामाची मीटरगेज लाइन १९००च्या सुमारास इथून मनमाडपर्यंत जोडली गेली. मनमाडला ब्रॉडगेजची गाडी धरायची, मुंबई गाठायची, मुसाफिरखान्यात थांबायचं आणि मग जेद्दाचं जहाज. मराठवाड्यातल्या यात्रेकरूंचं पहिलं बंदर म्हणजे मनमाडच!

त्याआधी १८८६मध्ये ब्रिटिश सरकारनं हजयात्रेच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवली होती. श्रीमंतांना नाईल नदीवर बोटीतून फिरवणारी तीच ही कंपनी. हजच्या जहाजांवर मात्र गरीब माणसं डेकवरच पथारी टाकत. वाटेतलं बेटही सैरसपाट्याचं नव्हतं. तांबड्या समुद्रातल्या कामरानला १८८२पासून क्वारंटाइन होतं. पटकीच्या भीतीनं यात्रेकरूंना तिथं अडकवून ठेवत.

१९९५मध्ये मुंबई-जेद्दा जहाजं थांबली. विमानानं कित्येक दिवसांचा प्रवास काही तासांवर आणला, हे बरंच झालं. पण डेकचं तिकीटही गेलं. आज समुद्रप्रवास म्हणजे चैन. एके काळी मात्र गरिबाची वाटच समुद्रातून जायची.