वर्गात आपलं घरही दिसावं : माणदेशातले प्राध्यापक आणि सर्वांना सामावून घेणारं शिक्षण

दहिवडी, म्हसवड, आटपाडी या भागातून दरवर्षी आपली मुलं-मुली बारावी करून कॉलेजात जातात. अनेक घरांतलं कॉलेजची पायरी चढणारं ते पहिलंच मूल असतं. दोन महिन्यांनी भेटल्यावर विचारलं, "कसं चाललंय?" की उत्तर येतं, "बरं चाललंय, मॅडम." जरा खोदून विचारलं की कळतं, वर्गात अजून एकदाही तोंड उघडलेलं नाही.

माझंही तसंच झालं होतं. पहिल्या वर्षाला असताना एका सरांनी हजेरीत माझं नाव वाचून सर्वांसमोर विचारलं, "तुला मराठी जमेल का?" खरं तर मराठी हाच माझा आवडता विषय. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी वर्षभर मागच्या बाकावर बसले आणि एकही प्रश्न विचारला नाही.

पुढे बी.एड. केलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. शाळेत शिकवायचं तर शिकवण्याचं प्रशिक्षण आधी घ्यावं लागतं. कॉलेजात मात्र विषयाची पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. बघितली जाते. समोर कोणत्या घरातली मुलं बसली आहेत आणि त्यांना कसं बोलतं करायचं, हे प्राध्यापकाने बहुतेक वेळा नोकरी लागल्यावरच शिकायचं असतं. म्हणून प्राध्यापकांना दोष देण्याआधी त्यांना मदत कुठून मिळू शकते, हे आपण पालकांनी समजून घ्यायला हवं.

संकल्पना काय आहे?

सर्वसमावेशक अध्यापन म्हणजे धर्म, जात, भाषा, लिंग, अपंगत्व किंवा गरिबी यांमुळे कुणीही विद्यार्थी बाजूला पडणार नाही असं शिकवणं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे संस्कृती जपणारं अध्यापन. अमेरिकेतल्या ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी 1995 मध्ये मुलांच्या संस्कृतीशी नातं सांगणाऱ्या शिक्षणाची मांडणी केली. 2012 मध्ये जँगो पॅरिस यांनी ती पुढे नेली. मुलाच्या घरच्या भाषेचा उपयोग प्रमाण भाषा शिकवण्यापुरता करून ती सोडून देऊ नये, शिकताना ती भाषा आणि ती जीवनपद्धती टिकली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं आहे.

हे आपल्याकडे नवं नाही

नाव परदेशी असलं तरी काम आपल्या मातीतलं आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1906 मध्ये कोल्हापुरात मुस्लिम शिक्षणासाठी संस्था उभी राहिली आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढलं. 1955 मध्ये साताऱ्यातच शिक्षक घडवणारं जे महाविद्यालय रयतने सुरू केलं, त्याला मौलाना आझादांचं नाव दिलं. दहिवडी कॉलेज हे याच रयतचं.

शिक्षकाने गाव समजून घेणं म्हणजे काय, हे व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' या 1955 च्या कादंबरीत दिसतं. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर येतो. शाळा भरायची तर आधी मेंढरं, पाऊस आणि माणसं समजून घ्यावी लागतात, हे त्याला हळूहळू उमगतं. त्या वस्तीत आयबूही आहे. आपल्यातला एक माणूस त्या गोष्टीत सहज वावरतो.

भाषेपासून सुरुवात

आपण घरात जिला नुसतं 'उर्दू' म्हणतो, ती आपल्या भागातल्या बहुतेक घरांत दखनी असते. अनेक मुलांना तिची लाज वाटते. "आमची उर्दू पण धड नाही आणि मराठी पण," असं ती म्हणतात. पण दखनीतलं 'नक्को' मराठीच्या 'नको'वरून आलं आहे. 'ऐसाइच' मधला जोर देणारा 'च'सुद्धा मराठीचाच. उलट बाजूने बघा. शिक्षक 'हजेरी' घेतात, मूल 'दप्तर' उचलतं, फळ्यावर 'तारीख' लिहितात, वडील तहसील कचेरीत 'अर्ज' देतात. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीच झाले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, तो कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. मराठीच्या प्राध्यापकांनी यावर एक तास घेतला, तर मागच्या बाकावरची मुलगी त्या दिवशी वर्गाला शब्दांचे अर्थ सांगणारी ठरेल. धनगर वस्तीवरच्या मुलाची माणदेशी बोलीही त्याच तासात मानाने बसेल.

साहित्यातही उदाहरणं भरपूर आहेत. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, शाहीर अमर शेख, संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण. 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष पठाण सर होते, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आटपाडीचे शंकरराव खरात आणि त्याच तालुक्यातले माडगूळकर शेजारी ठेवून वाचले, तर एकच माणदेश दोन घरांतून कसा दिसतो ते मुलांना कळतं.

प्राध्यापकांना आधार कशाचा?

• यूजीसीचे 2012 चे समताविषयक विनियम धर्म, जात, भाषा, लिंग, अपंगत्व यांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करतात. महाविद्यालयात समान संधी कक्ष असावा, असंही ते सांगतात.

• 2023 मध्ये सुरू झालेल्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाच्या आठ विषयांपैकी एक 'विद्यार्थी वैविध्य आणि समावेशक शिक्षण' हा आहे. हे वर्ग ऑनलाइनही होतात. त्यामुळे माणसारख्या तालुक्यातल्या प्राध्यापकांनाही ते करता येतात.

• नॅकच्या मूल्यांकनात सांस्कृतिक, भाषिक आणि धार्मिक वैविध्याविषयी कॉलेजने काय केलं, हे विचारलं जातं.

• सच्चर समितीने 2006 च्या अहवालात शिक्षक प्रशिक्षणात वैविध्याची जाण देणारा भाग असावा, अशी शिफारस केली होती.

वर्गात लगेच करता येण्यासारखं

1. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं नाव कसं उच्चारायचं, हे त्याच्याकडूनच विचारून घ्यावं.

2. अंतर्गत परीक्षा ठरवताना ईदच्या तारखा बघाव्यात. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचं असल्याने सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. मागच्या वर्षीचं वेळापत्रक उपयोगी पडत नाही. ईद-उल-फित्र चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून आजूबाजूचे दोन्ही दिवस मोकळे ठेवलेले बरे.

3. एखादी बातमी आली की वर्गातल्या एकट्या मुस्लिम मुलाला "तुमच्यात काय म्हणतात?" असं विचारू नये. तो विद्यार्थी आहे, समाजाचा प्रवक्ता नाही.

4. प्रकल्पासाठी स्थानिक विषय द्यावेत. मुलाणी, अत्तार, मणियार, पिंजारी, तांबोळी यांचे व्यवसाय कसे बदलले? कडेगावच्या मोहरममध्ये हिंदू-मुस्लिम मिळून ताबूत कसे उभे करतात? दुष्काळात जनावरांच्या छावणीत घरातल्या बाईचा दिवस कसा जातो?

5. तोंडी उत्तरापूर्वी दोन मिनिटं लिहायला द्यावं. लाजाळू मूल लिहिलेलं वाचून दाखवायला तयार होतं.

आपण पालकांनी काय करायचं?

पालक सभेला जावं आणि शक्यतो अम्मीनेही जावं. तक्रार असली तर ती करावीच, पण त्याबरोबर एखादी उपयोगाची गोष्टही घेऊन जावी. वर्षाच्या सुरुवातीलाच रमजान आणि दोन्ही ईदच्या संभाव्य तारखा लिहून प्राचार्यांना द्याव्यात. घरात जुनी कागदपत्रं, दादीच्या ओव्या, एखादा जुना धंदा असेल तर प्राध्यापकांना सांगावं की मुलांना घेऊन या, आम्ही दाखवू. समान संधी कक्ष कुणाकडे आहे, हे नम्रपणे विचारावं. भेदभाव झालाच तर तारीख-वार लिहून अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आणि कुणी सर किंवा मॅडमनी मुलीला नीट समजून घेतलं, तर फोन करून शुक्रिया म्हणायला विसरू नये. चांगल्या शिक्षकालाही कुणीतरी पाठीशी आहे हे कळावं लागतं.

मला कॉलेजात तिसऱ्या वर्षाला दुसरे एक सर भेटले. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी ओव्या म्हणतात का?" मी दादीची एक ओवी वर्गात म्हटली, निम्मी मराठी, निम्मी दखनी. त्या दिवसापासून मी पुढच्या बाकावर बसायला लागले. आज मी फळ्याजवळ उभी आहे, त्यात त्या एका प्रश्नाचा वाटा मोठा आहे. आपल्या मुलांना असा प्रश्न विचारणारे सर पहिल्याच वर्षी मिळावेत, यासाठी आपणही थोडं पुढे व्हायला हवं.