फ्रान्सचे द्राक्षमळे आणि तेथील वसंत

वसंत म्हटला कीं आपणांस आंब्याचा मोहोर आणि कोकिळेचा स्वर आठवतो. फ्रान्समधील बोर्दो प्रांताच्या मळेकऱ्यास मात्र वसंतांत धड झोंप नसते. मार्च सरतां सरतां छाटलेल्या काड्यांचे डोळे फुगतात, एप्रिलांत कोंवळी फूट बाहेर पडते, आणि नेमक्या त्याच दिवसांत एखाद्या निरभ्र रात्रीं दहिंवर गोठून वर्षाचें पीक पहांटेपर्यंत काळें पडतें. मे महिन्याच्या ११, १२ व १३ तारखांच्या संतांना तिकडे 'हिमाचे संत' म्हणतात. ते दिवस उलटल्यावांचून शेतकऱ्याचा जीव भांड्यांत पडत नाहीं. पुढें फाजील फुटवे खुडावयाचे, उरलेले तारेस बांधावयाचे, आणि जूनांत फुलोरा येईपर्यंत आभाळाकडे पाहात राहावयाचें. या द्राक्षांची दारू होते हें ऐकून कोणी नाक मुरडील. पण शेतकऱ्याचा घाम तो घामच.

एकोणिसाव्या शतकांत या कामांत औषधांची भर पडली. प्रथम आली भुरी. १८४५ सालीं इंग्लंडांत मार्गेट येथें टकर नांवाच्या माळ्यास ती दिसली, आणि दहा वर्षांच्या आंत तिनें फ्रान्सचे मळे पांढरे करून टाकले. तिजवर गंधकाची धुरळणी हा उपाय सांपडला. मागोमाग मुळें पोखरणारी फायलोक्झेरा नांवाची अमेरिकन कीड आली. मेलेल्या वेली खणून कोणास कांहींच दिसेना. १८६८ सालीं प्लांशाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जिवंत पण आजारी वेलींचीं मुळें पाहिलीं, तेव्हां ती हातीं लागली. वेल मेली कीं कीड दुसरीकडे जाते, एवढी साधी गोष्ट! अखेर अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचें कलम बांधून मळे वांचविले.

परंतु अमेरिकन वेलींबरोबरच केवडा हा नवा रोग आला. १८७८ सालीं तो फ्रान्समध्यें आढळला. त्यानें ऐन हंगामांत पानें गळतात, आणि पानांवांचून द्राक्षांत गोडी येणार कोठून? १८८२ च्या आक्टोबरांत बोर्दोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे हे मेदोक भागांतील सें-जुलियें येथून जात होते. सर्वत्र वेली ओक्याबोक्या, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार, व पानांवर निळसर डाग! चौकशी करतां कळलें कीं, येणारेजाणारे घड तोडतात म्हणून मोरचूद व चुना शिंपडला होता. विष समजून चोरानें हात लावूं नये, एवढाच हेतु. प्राध्यापकांनीं ती खूण सोडली नाहीं. रसायनज्ञ गायों यांच्या साह्यानें प्रयोग करून १८८५ सालीं त्यांनीं कृति प्रसिद्ध केली: १०० लिटर पाण्यांत ८ किलो मोरचूद, ३० लिटर पाण्यांत १५ किलो चुना, आणि दोहोंचें मिश्रण. पाठ्यपुस्तकांत लढायांच्या सनावळ्या असतात. ही सन मात्र मला कोठें आढळली नाहीं.

या औषधाचा गुण असा कीं, तें रोग जडण्यापूर्वीं पानावर असावें लागतें. आंत शिरलेला रोग तें काढीत नाहीं. म्हणून फवारणी वसंतांतील कोंवळ्या पानांपासूनच आरंभावी लागते, आणि पावसानें धुऊन गेली कीं पुन्हा करावी लागते.

आपल्या नाशिकचा द्राक्षबागाईतदारहि 'बोर्डो मिश्रण' ओळखतो. मात्र तें आतां १०० लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो चुना, इतकें सौम्य करतात. येथें वेलीला हिमाची झोंप नाहीं. एप्रिलांत खरड छाटणी व आक्टोबरांत गोडी छाटणी होते, आणि पहिली कोंवळी फूट दिसतांच पंप बाहेर निघतो.