लांडगा : बीदर-कलबुर्गीच्या माळाचा रहिवासी

बीदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. हा दगड गोव्याच्या वाचकाला परका नाही. पण येथे त्याच्यावर घनदाट रान उभे राहत नाही. विरळ बोरी-बाभळी, कुसळी गवत, पावसाळा सरताच पिवळा पडणारा माळ आणि त्याला लागून तुरीची शेते, असा हा मुलूख आहे. औराद, भालकी, आळंद या तालुक्यांच्या गावांतून मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. मराठी माणूस ज्याला लांडगा म्हणतो, त्याला कन्नड मेंढपाळ ‘तोळ’ म्हणतो. म्हादई-मोलेच्या ओल्या जंगलात बिबट्या आणि कोळसुंदे सुखाने राहतात. लांडग्याला मात्र असा उघडा माळच लागतो.

भारतीय लांडग्याचे पहिले शास्त्रीय वर्णन दख्खनमधूनच झाले. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ मध्ये त्याला ‘कॅनिस पॅलिपेस’ हे नाव दिले. उत्तरेकडच्या हिमप्रदेशातील लांडग्यापेक्षा हा बराच लहान आणि सडपातळ असतो. त्याचे वजन साधारण १७ ते २५ किलो भरते. अंगावरची लव आखूड, आतली लोकर विरळ, कान मोठे. उन्हाळा सोसण्यास हे सारे उपयोगी पडते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हा वंश जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक असल्याचे दाखवले. देशात असे लांडगे सुमारे तीन हजारच उरले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

लांडग्यांचा कळप म्हणजे एक कुटुंब असते: नर, मादी आणि मागील विणीची मोठी झालेली पोरे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा समागमाचा काळ आणि गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा. ओढ्याच्या काठी किंवा खडकाच्या कपारीत केलेल्या बिळात हिवाळ्यात पिल्ले जन्मतात. शिकारीहून परतलेली मोठी जनावरे पोटातले मांस ओकून पिल्लांना भरवतात आणि या कामात थोरली भावंडेही हातभार लावतात. जी भाषा ‘लांडगेतोड’ असा शब्द वापरते, तिने या प्राण्याच्या घरगुती बाजूकडे कधी पाहिलेले दिसत नाही.

काळवीट, ससे, उंदीर हे त्याचे रानातले अन्न. काळवीट विरळ झाले की शेळ्या-मेंढ्यांवर भिस्त वाढते. खरी अडचण येथेच आहे. लांडग्याच्या घरी पिल्ले वाढत असतात, त्याच दिवसांत तूर काढून रिकामी झालेली शेते मेंढपाळांची वाट पाहत असतात. खतासाठी शेतात मेंढरे बसवण्याची रीत जुनी आहे. रात्री एक लांडगा राखणीच्या कुत्र्यांना आपल्या मागे पळवतो आणि दुसरा कोकरू उचलतो, असा मेंढपाळांचा अनुभव आहे. एका कोकराची किंमत या कुटुंबाला किती जड जाते, हे कागदी हिशेबात उमटत नाही. भरपाईसाठी पंचनामा हवा आणि फिरत्या मेंढपाळाचा मुक्काम तर दोन दिवसांत हलतो.

मेंढपाळाची ही तक्रार खरी असली, तरी लांडग्याला संपवणारा तो नव्हे. सरकारी नोंदीत माळाला ‘पडीक’ म्हटले जाते आणि पडीक जमीन कशालाही देता येते: खाणीला, वसाहतीला, सौर प्रकल्पाला, फार तर वृक्षारोपणाला. गवताळ माळावर झाडे लावणे हे लांडग्याच्या दृष्टीने घर मोडणेच आहे. भटक्या कुत्र्यांचा धोका वेगळा. त्यांच्यापासून रोग येतात आणि संकरही होतो. पुणे परिसरात असा संकर जनुकीय चाचणीने सिद्ध झालेला आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत लांडग्याला वाघाच्या बरोबरीचे स्थान आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे चिंचोळी अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले. तेथे लांडग्याबरोबर तरसही आढळतो. कोप्पळ जिल्ह्यात बंकापूर येथे तर खास लांडग्यासाठी अभयारण्य झाले आहे. पण रात्रीतून कित्येक किलोमीटर चालणारा हा प्राणी अभयारण्याच्या सीमेत मावत नाही.

हिमालयातील स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. २०२४ च्या अहवालानुसार भारतात हिमबिबटे ७१८ आहेत आणि तेही गुरे मारतात. स्पितीतील किब्बर गावाने त्यावर पशुविम्याचा मार्ग काढला: वर्गणी गावकऱ्यांची, नुकसानीची पाहणीही गावाचीच. रात्रीच्या वाड्याला वरून जाळी घालण्याचा उपाय लडाखमध्ये रुजला. बीदर-कलबुर्गीचा मेंढपाळ एका गावचा नसतो, त्यामुळे गावाचा विमा येथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. मात्र त्याच्या फिरण्याच्या वाटा आणि मुक्कामाची शेते वर्षानुवर्षे ठरलेली असतात, आणि जाळीचा वाडा घोड्यावर लादून नेता येतो.